दाजी आणि गच्चीचं पाणी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या बाजारात पेरू निवडत होतो. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. घरीदारी सगळे त्यांना तात्या म्हणायचे. भाच्याचा आवाज अगदी साधा होता. "मामा, तात्या गेले. सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागी..." मी पेरू तसेच ठेवले आणि बारामतीची एसटी धरली. वाटेत आभाळ भरून आलं होतं. आमच्या भागात माणूस ढगाकडे आशेनं बघतो, मी मात्र मनातल्या मनात त्याला हाकलत होतो. अर्धांगवायूनं पडून असलेली माझी अक्का तळमजल्यावरच्या खोलीत होती, आणि मोठा पाऊस आला की त्या खोलीत पाणी शिरतं. बाहेरच्याला सांगितलं तर तो हसतो, बारामतीत कसला पूर म्हणतो.

दाजींची सगळी नोकरी कालव्यावर गेली. सोमेश्वरनगरच्या बाजूला उसाच्या रानांना पाणी सोडायचं काम. मी तरुणपणी त्यांच्याकडे राहायला जायचो, तेव्हा उजाडायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. गावात तोऱ्यात वावरणारे दाजींपुढं नरम. "तात्या, आमच्या उसाचं बगा की जरा." दाजी सगळं ऐकून घ्यायचे आणि ज्याची वेळ असेल त्यालाच पाणी द्यायचे. त्यात त्यांनी सख्ख्या भावाचंही कधी चालू दिलं नाही. त्यांना खरा राग यायचा तो गळतीचा. रानाकडं पाणी नेणाऱ्या चारीला भगदाड दिसलं की गाडी उभी करून स्वतः गोणपाट आणि चिखल कोंबायचे. जमिनीत मुरलेलं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी चोरीला गेलेलं पाणी.

निवृत्तीनंतर त्यांनी बारामतीत, कॉलनीच्या सखल टोकाला घर बांधलं, ते हीच नजर घेऊन. मागून एक ओढा वाहायचा. वेड्या बाभळी, डुकरं, डास. तो पाइपात घालून वर स्लॅब टाकावा यासाठी सगळ्यात जास्त खटपट कुणी केली असेल तर दाजींनी. चकरा मारल्या, लोकांना एक केलं. वर फरशी बसली, बाकं आली, म्हातारेकोतारे फिरायला लागले. मला त्यांनी मुद्दाम नेऊन दाखवलं. "बग, एक थेंब इकडंतिकडं जात न्हाय." चिखल नको म्हणून स्वतःच्या अंगणातही फरशी घातली, आणि त्यांचं बघून गल्लीनं घातली. गच्चीवरच्या पाण्याचे पाइप लोकांनी सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडून दिले, कारण तेच जवळ पडायचं. रस्ता नवा करायचा म्हणजे जुन्यावरच थर द्यायचा, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे दाजींचं घर जागचं न हलता दर खेपेला थोडं खड्ड्यात गेलं.

अक्का अंथरुणाला खिळली त्याच वर्षी परतीच्या पावसात चेंबर उलटला आणि बाथरूमच्या जाळीतून गढूळ पाणी वर आलं. जिना अरुंद, तिला उचलून वर न्यायची सोय नाही. ती पलंगावर आणि खाली पाणी. दाजींनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "पाणी जिरवायचं बी असतं, हे आमच्या डोक्यातच आलं न्हाय रं कदी..."

मग ते घरोघर फिरायला लागले. मागणं एवढंच की आपल्या गच्चीचं पाणी आपल्या आवारात मुरवा, चेंबरात सोडू नका. मी एकदा बरोबर गेलो होतो. शेजारचे दिनकरराव पूर्वी सोमेश्वरनगरकडे ऊस करायचे, दाजींच्या ओट्यावर बसणाऱ्यांतलेच. त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा दिला. "तात्या, तुमचा शब्द मोडीन व्हय? दिवाळी झाली की माणूस लावतो." दिवाळी झाली, पुढचीही झाली. कुणी कधी नाही म्हटलं नाही, हीच पंचाईत होती. भांडायला तरी कुणाशी भांडायचं! दाजी परतताना म्हणाले, "जलमभर लोक माझ्याकडं पाणी मागाय आले. आता मी दारोदार हिंडतोय, तुमचं पाणी तुमच्याकडं ठिवा म्हनून."

त्यांनी आपल्या अंगणातली फरशी उखडली, शोषखड्डा खणला, दगडविटांचे तुकडे भरले. अंगणाचं पाणी त्यात मुरलं, पण गल्लीच्या पाण्याला तो बिचारा खड्डा कुठं पुरणार? मी वैतागून म्हणालो, दाजी, घर विकून टाका. ते म्हणाले, "कुणाला इकू? त्याच्या बी घरात कुणीतरी निजलेलं असंलच की."

दहाव्याला दिनकरराव बोलायला उभे राहिले. "तात्यांनी पाणी वाटताना कदी दुजाभाव केला न्हाय," म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त सहन होईना. आम्ही घरी आलो आणि दुपारी पाऊस कोसळला. खिडकीतून समोरच दिनकररावांच्या गच्चीचा पाइप दिसत होता, चेंबरात धो धो ओतत. जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण उठलो नाही. बाथरूममधून पाणी येऊ लागलं, भाचा आणि मी बादल्या भरभरून बाहेर टाकू लागलो, आणि जेवढं टाकत होतो तेवढं परत येत होतं.

अक्का पलंगावरून बघत होती. "आवर्तन सुटलं वाटतं," ती सावकाश म्हणाली. कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. भाच्यानं मला हळूच सांगितलं की खोलीत पाणी शिरलं की तात्या तिला हसवायला असंच म्हणायचे. मग ती विचारायची, बंद कधी होणार? ते बाहेर डोकावून यायचे आणि कुठलीतरी वेळ सांगायचे. ती वेळ बहुधा चुकायची, पण तेवढ्यावर ती डोळे मिटायची.

"बंद कदी व्हनार," अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "इचार की ह्यांना."

मी बादली ठेवली. बाहेरच्या खोलीत कुणीच नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यातून दारापर्यंत गेलो, बाहेर डोकावलो... आणि परत येऊन तिला सांगितलं, "सांजंपातूर व्हईल, म्हणाले."