चंदेरी पाऊच

माझे धाकटे दीर मुंबईत जाहिरातींच्या कंपनीत होते. तिथे ते नेमकं काय करत, ते त्यांनाही धड सांगता येत नसे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती नोकरी सुटली आणि ते रत्नागिरीला परतले ते आमच्या आंबापोळीच्या धंद्याचा उद्धार करायला.

आंबापोळी मी आणि यजमान करत असू. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरायची, नावाची चिठ्ठी आत सुटी सरकवायची आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं. पिन मी कुणाला मारू देत नसे. मिरकरवाड्याच्या वाटेवर एक जण जुनं प्लॅस्टिक वितळवून बादल्या करायचा. आमच्या रिकाम्या पिशव्या त्याच्याकडे जात, आणि पिन किंवा चिकटलेला कागद आला की त्याचा माल नासे. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले होते. पिशवी पुढे कुठे जाते याचा विचार करणं मला कमीपणाचं वाटत नव्हतं.

दिरांनी ती पिशवी मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरली.

“वहिनी, ह्याला पॅकिंग म्हणतात? चणेवाला बरा!”

त्यांनी चंदेरी पाऊचचा नमुना दाखवला. वर छापलेला हापूस थेट पपईसारखा दिसत होता.

“भावोजी, ह्यात प्लॅस्टिक, कागद आणि अ‍ॅल्युमिनियम एकावर एक चिकटवलंय. ते पुन्हा सुटं होत नाही. रिकामं झाल्यावर ह्याचं काय करायचं?”

“फेकायचं! लोक वेष्टन बघून माल घेतात, वहिनी. ते कळायला मुंबईत राहावं लागतं.”

यजमानांनी मान डोलावली. भावापुढे त्यांची मान तेवढंच काम करी.

पोती भरभरून पाऊच आले. त्यांवर ‘आंबागोळी’ छापलं होतं.

“चालेल,” दीर म्हणाले. “लोक शेवटी चव बघतात.”

दुकानदारांनी माल परत पाठवला. बादलीवाल्याने एक पाऊच चुरगाळून पाहिला आणि पोती दारातूनच परत केली. मग ह्या विद्वानांनी परसात ढीग पेटवला. काळा, घाणेरडा धूर शेजारच्या वाळत घातलेल्या धुण्यावर गेला. शेजारीणबाईंनी कुंपणापाशी येऊन त्यांचा जो उद्धार केला, तो मी मन लावून ऐकला. उरलेला चिकट, चंदेरी गोळा पुरायला ते परसातल्या जांभ्या कातळात पहार मारत बसले. हाताला फोड आले. मी पाणी नेऊन दिलं, पण कीव आली नाही.

मी पुन्हा साध्या पिशवीवर आले. ह्या वेळी प्लॅस्टिक जरा जाड घेतलं आणि चिठ्ठीही काढून टाकली. नाव तापलेल्या ठशाने पिशवीवरच उठवलं, म्हणजे सगळी एकाच जातीची वस्तू. पाली गावच्या दुकानदाराने ती लगेच ठेवली आणि रिकाम्या पिशव्याही गोळा करून पाठवू लागला.

पुढच्या वर्षी घरातल्या एका लग्नाच्या पंगतीत दीर शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते, “साधी पिशवी, बाकी काही नको, हे मीच सुचवलं.”

मी भात वाढत होते. त्यांच्या पानात वाढला आणि पुढच्या पानाकडे वळले.