तिचा कान आणि एक इंग्रजी शब्द

न्यूझीलंडमधली माझी पहिली नोकरी न्यू लिन या उपनगरातल्या एका फार्मसीत होती. इथली परीक्षा देऊन मी मागच्या काउंटरवर औषधं देत होते. पुढच्या भागात शाम्पू, सनस्क्रीन, वाढदिवसाची कार्डं आणि एका कोपऱ्यात उंच खुर्ची. त्या खुर्चीवर बसवून कान टोचून मिळायचे. ते काम एका चिनी बाईकडे होतं; पुढे ती माझी मैत्रीण झाली. चाळिशीची, बारीक चणीची, केस कायम कानामागे खोचलेले. वर्क व्हिसावर एकटीच आलेली; मुलगा तिकडे तिच्या आईजवळ. व्हिसा याच दुकानाच्या नावावर होता. नोकरी गेली की व्हिसा गेला. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आमच्या मॅनेजरला सगळ्यात चांगलं माहीत होतं.

मॅनेजर म्हणजे मालकाचा जावई. गिऱ्हाइकांना फार आवडायचा. म्हाताऱ्यांच्या पिशव्या गाडीपर्यंत नेऊन द्यायचा, दर शुक्रवारी आमच्यासाठी डोनट आणायचा.

२०१४ च्या हिवाळ्यात त्याने खिडकीत चिनी भाषेतली पाटी लावली. आमच्याकडे चिनी गिऱ्हाईक हीप्स, म्हणजे ढीगभर होतं, त्यांना 'इअर पिअर्सिंग' कळावं म्हणून. भाषांतर त्याने कॉम्प्युटरवर केलं, कुणाला विचारलं नाही. काही आठवड्यांनी दोन चिनी मुली बाहेर उभ्या राहून पाटीचे फोटो काढत खिदळताना दिसल्या. त्यातली एक खोकल्याच्या गोळ्या घ्यायला आत आली, तेव्हा त्याने हसत विचारलं, "काय गंमत आहे, आम्हालाही कळू दे."

"कानाला टोचणारं असं लिहिलंय," ती म्हणाली. "पण आमच्यात त्याचा अर्थ कर्कश आवाज. कान बंद करून घ्यावेसे वाटतील असा."

तोही तिच्याबरोबर खूप हसला. ती गेल्यावर त्याने स्वतः पाटी उतरवली आणि माझ्या मैत्रिणीसमोर धरली.

"तू रोज हिच्याखालून आत येतेस ना?"

"तू लावली होतीस," ती म्हणाली. "सांगितलं तर तुला राग येईल असं वाटलं."

"राग? छे." त्याने पाटी कचऱ्याच्या डब्यात घातली. "आता पाटी नको. पाटीचं काम तू कर."

दुसऱ्या दिवसापासून तिला दाराशी उभं केलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिने विचारायचं, आज इअर पिअर्सिंग हवंय का? तिच्या तोंडून तो शब्द 'पिसिंग' असा यायचा. म्हणजे बिचारी अदबीने मान झुकवून विचारत होती, आज कानात मुतून हवंय का?

काही लोक गोंधळायचे, काही तोंड फिरवून हसायचे. मॅनेजर गल्ल्यावरून ओरडायचा, "सॉरी मेट, ऐकू नाही आलं, परत सांग!" ती परत सांगायची, आणखी मोठ्याने, कारण तिला वाटायचं आवाज कमी पडला. मेकअपच्या काउंटरवरच्या दोन मुली खाली बसून हसायच्या. गंमत म्हणजे मॅनेजर स्वतः 'इअर' आणि 'एअर' एकसारखंच म्हणायचा. इकडचे बरेच जण तसंच म्हणतात. मला सुरुवातीला हा माणूस हवा टोचून देतो असंच ऐकू यायचं. त्याला कधी कुणी हसलं नाही.

तिला कुणीच काही सांगत नव्हतं. शेवटी मी सांगितलं. डबा खाताना, मागच्या खोलीत. तिने चमचा डब्यात ठेवला. मग म्हणाली, "मला तो शब्द नीट शिकव."

मग आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत तो एक शब्द घेऊन बसायचो. 'पि'नंतर तोंड थोडं उघडायचं, 'अ' लांबवायचा, घाईने 'स'वर जायचं नाही. तिला नुसता उच्चार पुरत नव्हता. "सुई पिअर्स करते, समजलं. मग थंडी कशी करते?" मी म्हटलं, जॅकेटमधून आरपार जाते म्हणून. आम्ही त्याला बोचरी थंडी म्हणतो. "आम्ही हाडाला टोचणारी म्हणतो," ती म्हणाली. किंकाळी, नजर, उजेड, सगळं झालं. तिच्या भाषेत डोळ्यांना टोचतो तो झगझगीत उजेड. पण खरोखर कान टोचायचे तर तिकडे ते टोचणं नाहीच, तिथे कानाला भोक 'मारतात'. मी सांगितलं, आमच्यात कान टोचणं म्हणजे सोन्याची तार घालणं आणि कुणाला खडसावणंही. ती हसली. "मग तू त्याचे टोच ना," ती मॅनेजरच्या केबिनकडे बघत म्हणाली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शब्द तिला जमायला लागला होता. मला वाटतं, मॅनेजरची गंमत त्यामुळेच कमी झाली. एका सकाळी त्याने नवीन प्रकारचे खडे मागवले, कानाच्या वरच्या कडेला घालायचे. ती फॅशन आली होती. "दाखवायला कुणाच्या तरी कानात पाहिजेत," तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि तिच्याकडे बोट केलं. "तुझ्या. बोलता येत नसेल तर निदान दाखव तरी."

मी काउंटर सोडून पुढे आले. "तिथे कूर्चा असते. आपल्या टोचायच्या गनने तिथे टोचायचं नसतं. चिघळलं तर कान जाईल."

"तू तुझ्या गोळ्यांचं बघ, लव्ह."

"मी हे लिहून देऊ का तुला?"

त्याने माझ्याकडे पाठ केली. तिला विचारलं, "तुझी काही हरकत आहे?" ती माझ्याकडे न बघता खुर्चीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "इट्स ओके." त्याने स्वतः टोचलं. गनचा आवाज दुकानभर ऐकू आला. ती ओरडली नाही. मेकअपवाल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग तो तिला तशीच दाराशी घेऊन गेला.

आठवड्याच्या आत कान लाल झाला, मग जांभळा. खडा मी काढला, धुऊन दिलं, डॉक्टरकडे जा म्हणून रोज सांगितलं. ती केस मोकळे सोडून कामावर येत राहिली. एक दिवस ताप इतका होता की मी तिला गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. तरुण डॉक्टर होती, चांगली. तिने विचारलं, "हे कुणी केलं?"

"मीच," माझी मैत्रीण म्हणाली. "घरी. सुईने."

मी म्हटलं, "नाही. दुकानात झालं, गनने. मी समोर होते."

डॉक्टरने दोघींकडे पाहिलं. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, आणि तशी नजर माझ्यावर कुणी कधी टाकली नव्हती.

ऑपरेशन करून सडलेली कूर्चा काढावी लागली. पट्टी निघाली तेव्हा कानाची वरची कड आत दुमडून बसली होती, चुरगळून फेकलेल्या कागदासारखी. मी मालकाला भेटले. सगळं सांगितलं. म्हातारा मालक सज्जनासारखा ऐकत होता, मधेमधे "दॅट्स ऑफुल" म्हणत होता. त्याने ताबडतोब कारवाई केली. कान टोचणंच बंद केलं. खुर्ची गेली, आणि खुर्चीवरचं काम गेलं म्हणून तिची जागाही गेली. जावयाला काही महिन्यांनी हॉर्नबीच्या आपल्या दुसऱ्या दुकानावर पाठवलं, मोठ्या पगारावर. त्याच्या निरोपाला केक कापला. मी खाल्ला नाही, एवढंच.

परत जाण्याआधी ती अवोन्डेलमधल्या भाड्याच्या खोलीतलं सामान बांधत होती. मी मदतीला गेले. खोका तिने भरला, मी चिकटपट्टी लावत होते.

"डॉक्टरने तुला विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मला विचारलं होतं."

"खोटं सांगून काय मिळालं असतं?"

"पुढचा व्हिसा. एक वर्षाने मुलगा आला असता."

"आणि मॅनेजर तुझ्याशी असाच वागत राहिला असता?"

"राहिला असता. मी सहन केलं असतं. कान माझा होता, नोकरी माझी होती. तू घरी जाऊन जेवलीस."

तिचं इंग्रजी त्या दिवशी कुठेच अडखळलं नाही. तसा प्रश्न कुणी परत विचारला तर मी परत तेच सांगेन, हेही मला तिथे उभ्याउभ्या कळत होतं, आणि बहुतेक तिलाही.

विमानतळावर सोडायला येऊ का, असं मी विचारलं. शटल सांगून ठेवली आहे, ती म्हणाली, आणि माझ्या हातातली चिकटपट्टी घेऊन पुढचा खोका स्वतः बंद केला.