आडवी विळी

आज ओल्या दगडानं विळीला धार लावताना लोखंडाचा वास आला आणि कोयना आठवली. कोयनेला धरणावर कामाला होतो, तवा अशीच धार लावून मी विळी उभी ठेवली. बायको शेजारी भाकरी थापत होती. जमीन हादरली, भांडी कोसळली, आणि ती पात्याकडं कलंडली. मी विळीला लाथ मारली. पातं तिच्या मानेला बोटभर चुकलं.

"आवं, भूकंपाच्या गावात विळी उभी ठेवत्यात व्हय?" ती म्हणाली.

भ्यालोय हे कळू नये म्हणून मी हसलो.

तिला जाऊन वर्ष झालं. आता घरात पडणारं कुणी न्हाई. तरी धार झाली की विळी आडवी करतो, आणि चुलीकडं बघतो.