तार खालीच राहू दे

माझ्या चुलतभावाचं तोंड बघितलं की अजून माझं डोकं फिरतं. आगर गावात आमच्या चिकूच्या वाड्या एकमेकींना लागून. बांधाजवळ दोन उंच ताड आहेत, माझ्याच हद्दीत. त्यांच्या शेंड्यांवरून मी माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, अँटेनाची तार ताणली होती. "तुझ्या तारेनं माझी फुलं गळतात," हे त्याचं रोजचं रडगाणं. कीड पडली, तारेमुळे. मजूर आला नाही, तोही तारेमुळेच. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

त्या तारेवर मी पार जपानपर्यंत बोललो आहे. ऐकू जात नसे ते फक्त इथल्या जवळच्या, डोंगरांपलीकडच्या उधव्याला, आणि तिथेच माझी लेक शिक्षिका आहे. तिकडे तलासरी भागात जमीन हादरली की फोन आधी मरतो, म्हणून मीच मागे लागून तिला रेडिओचा परवाना काढायला लावला, सेट दिला. ती शाळेच्या आवारातच राहते. तिची तार कौलांलगत, बुटकी. फोन गेला की सेटवर यायचं, हे ठरलेलं. पण सरावाला हाका मारायचो तेव्हा मला ती नाही, तिला मी नाही. मी डोंगरांना शिव्या घालायचो आणि तार आणखी वर चढवायचो. ताडाचा शेंडा संपला म्हणून थांबलो.

एका दुपारी वाडीत गेलो तर तार ताडांना बांधलेल्या दोन्ही दोऱ्या छाटलेल्या, तार चिकूच्या फांद्यांवर लोळतेय. चुलतभाऊ बांधावर उभा, कोयता हातातच. आमची अशी जुंपली की मजूर टोपल्या खाली ठेवून बघत राहिले. एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत गेलो, आणि बापजादे आमचे एकच.

तेवढ्यात पायाखालची जमीन गुरगुरली. घरात भांडी पडल्याचा आवाज आला. तो त्याच्या घराकडे पळाला, मी सेटकडे. लेकीचा फोन लागेना. तार पडलीय हे माहीत असूनही बॅटरीवर सेट लावला आणि हाक मारली. दुसरं करणार काय?

"बाबा, मी ठीक आहे. मुलं मैदानात आहेत सगळी. तुम्ही आज इतके स्पष्ट कसे?"

मी ढसाढसा रडलो.

डोकं नंतर चालायला लागलं. उंच तार आवाज लांब, क्षितिजाकडे फेकते. तो आभाळातल्या वरच्या थरावर आपटून कुठल्या कुठे उतरतो आणि जवळची गावं मधल्यामध्ये कोरडी राहतात. बुटकी तार सरळ डोक्यावर फेकते. दुपारी तो थर दाट असतो, आवाज परत आपल्याच तालुक्यांवर पडतो. एवढी साधी गोष्ट मला त्या माणसाच्या कोयत्याने शिकवावी, याचा संताप अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मोठ्यांनी त्याचे कान उपटले असावेत. ताडावर चढणारा माणूस घेऊन तो तोंड पाडून आला. "होती तशी वर बांधून देतो."

"तारेला हात लावलास तर तंगडं मोडीन!" मी ओरडलो.

तो ताडावर चढणाऱ्याला घेऊन परत गेला. आता गावभर सांगत फिरतो, हा ठार वेडा झालाय म्हणून.

बायको म्हणते, "अहो, सांगून टाका ना त्याला खरं."

सांगू? खरं कळलं तर तो हरामखोर एका रात्रीत तार परत ताडावर चढवून ठेवेल. तार अजून चिकूवरच आहे. दुपारी लेक सेटवर येते, आणि ती यायच्या आधी मी बांधाकडची खिडकी लावून घेतो.