खालूंचा रूल

आमच्या खालूंइतका नियमाला धरून चालणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नसेल, आणि नियम म्हणजे काय याचा त्यांच्याइतका घोळ घालणाराही नसेल. खालू म्हणजे माझ्या मावशीचे, खालाम्मांचे, यजमान. घनसावंगीच्या स्टँडवर जालन्याच्या जीपांचे नंबर लावायचं काम त्यांचं. कोणती गाडी आधी भरायची, कोणती मागं उभी राहायची हे ते ठरवणार, आणि कुणी कुरकुर केली की एकच शब्द उच्चारणार: रूल. बाकी इंग्रजी मी शाळेत शिकले. हा एक शब्द तेवढा खालूंकडून शिकले, म्हणूनच तो मला अजून धड येत नाही.

शाळेत बाईंनी रूलचा अर्थ विचारला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हात वर केला आणि उभी राहिल्यावर गप्पच झाले. सांगणार काय, कप्पाळ? जीपमध्ये पुढच्या सीटवर म्हातारी माणसं बसतील, हा रूल. शेळी म्हणजे अर्धं सीट, पण गाभण असेल तर पूर्ण, हाही रूल. जेवणाआधी पाणी प्यायचं हा डॉक्टरांचा रूल, जेवणानंतर प्यायचं हा खालूंच्या अब्बांचा. दोन्ही पाळायचे म्हणून ते जेवणभर पाणीच पीत. घरी उर्दू आणि स्टँडवर मराठी, हा रूल तर इतका पक्का, की खालाम्मा डबा घेऊन आल्या तरी ते त्यांच्याशी मराठीतच बोलत. त्या बिचाऱ्या डबा ठेवून मुकाट्यानं परत जात. एकदा मी कंटाळून विचारलं, "खालू, मंग कानून आन् रूल यात फरक काय?" त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कानून सरकारचा असतोय," ते म्हणाले, "त्याला पोलीस हाय, कोर्ट हाय. रूल आपण केलेला. त्याला आपल्याबिगर कोण हाय?" मी समजल्यासारखी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

सगळ्यांत मोठा रूल असा: दहा सीट भरल्याशिवाय नंबर एकची गाडी हलणार नाही, आणि ती हलल्याशिवाय दुसरीत कुणी बसणार नाही. याला मात्र कारण होतं. खालू यायच्या आधी ड्रायव्हर लोक सीटांसाठी ओढाओढी करत. एकानं बाईची पिशवी आपल्या गाडीत टाकायची, दुसऱ्यानं तिचं पोरगं आपल्या गाडीत बसवायचं. त्यापायी एकदा डोकीसुद्धा फुटली. रूल आला आणि स्टँड शांत झालं. त्या शांततेची किंमत आम्ही घरच्यांनी पुरेपूर मोजली. सख्ख्या भावाच्या वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, निघालेल्या खालाम्मा नटूनथटून नंबर एकमध्ये बसून राहिल्या. गाडी भरून त्या पोचेपर्यंत तिथलं दस्तरखान उठलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस घरात उर्दूसुद्धा बंद होती.

आणि मग माझ्यावर पाळी आली. नर्सच्या नोकरीची मुलाखत होती जालन्याला. त्या दिवशी एसटी आलीच नाही, बाजाराचा वार नव्हता, नंबर एकमध्ये मी एकटीच. मी मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते.

"खालू, सोडा न गाडी. माझी जिंदगी अडकून राह्यली."

"सीट भरू दे."

"कोण भरणार? स्टँडवर माणूस न्हाई."

"आज भाचीसाठी सोडली, तर उद्या हरेक ड्रायव्हरला एक भाची निघंल. परवा पुन्हा डोकी फुटतील."

बोलणं बराबर होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. मला रडू फुटलं. मी रडते तेव्हा रागानंच रडते, हे खालूंना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या जीपकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि उठून समोरच्या सलूनमध्ये शिरले. मला वाटलं, तोंड चुकवायला गेले. तर आतून न्हावी बाहेर आला, त्याच्यामागं अर्ध्या गालाला साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. मग चहावाला, पंक्चरवाला, रसवंतीवाला आणि त्याची बायको, केळी विकणारी मावशी आणि तिची सून. सगळे येऊन गाडीत दाटीवाटीनं बसले. दहावे स्वतः खालू.

"हे समदे जालन्याला?" ड्रायव्हर बावचळला.

"तू सोड."

गावाबाहेरच्या नाक्यावर खालूंनी गाडी थांबवली आणि सगळी वरात खाली उतरवली. अंबडपर्यंत वाटेत सीटं भरतात, तेव्हा ड्रायव्हरचं काही बुडणार नव्हतं. मी खिडकीतून विचारलं, "खालू, रूल पाळला का मोडला?"

"गाडी स्टँडवरून भरून निघाली. कुणी कुठं उतरावं, याचा रूल न्हाई. जा जल्दी."

ते सगळे उन्हातून पायी परत निघाले. गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. मला नोकरी मिळाली. रूल पाळला की मोडला, हे कोडं काही सुटलं नाही.

आता घरोघरी मोटारसायकली झाल्या. स्टँडवर दोनच जीपा उरल्या, आणि भांडावं इतकी सीटंही राहिली नाहीत. तरी खालू रोज नंबर लावत होते. परवा त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, मी काम करते त्याच दवाखान्यात. मी म्हटलं, जालन्याहून गाडी आणते. "आपली लाइन सोडून परक्या गाडीत? न्हाई," म्हणाले. मग काय, नंबर एकमध्ये ते, खालाम्मा आणि मी.

"सीट भरू द्या," खालू म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात सलूनचं शटर खाली येताना दिसलं. न्हावी आला. चहावाला आला. केळीवाल्या मावशी आता थकल्यात, त्या सुनेचा हात धरून आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बघता बघता गाडी भरली.

नाका आला. ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी थांबवली. कुणी जागचं हललं नाही.

"उतरा न," खालू मागं वळून म्हणाले. "नाका आला."

न्हावी बाहेर बघत राहिला. "चला," तो ड्रायव्हरला म्हणाला, "जालन्याला."

खालूंनी टोपी काढली, पण डोकं खाजवायचं विसरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कोणच्या रूलात बसतंय गं?" मला कुठं येत होतं? खालाम्मांनी त्यांच्या हातातली टोपी घेऊन पुन्हा डोक्यावर ठेवली. "अब चुप बैठो जी," त्या म्हणाल्या. स्टँड मागं राहिलं होतं, आता उर्दूत बोलायला खालूंना काहीच हरकत नव्हती. पण ते मागं वळून एकेक सीट मोजत राहिले.