चालू राहिलेलं नाव

आपलाच माल घेऊ नका, असं सांगायला घरी येणारा एजंट मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचा नाना. जव्हारच्या आमच्या आळीत त्याला सगळे ‘विचारू नाना’ म्हणत. सालाबादप्रमाणे, नेहमीसारखं, हे शब्द त्याला सोसायचे नाहीत. गणपतीची वर्गणीसुद्धा तो दर वर्षी नव्याने विचारल्याशिवाय द्यायचा नाही. पोरं वैतागायची, पण विचारायची.

गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत पाठवणाऱ्या एका कंपनीची सभासदत्वं तो विकायचा. दोन हजार सालाच्या आगेमागे जव्हार-मोखाड्यात प्रवासी जीपगाड्या बऱ्याच झाल्या होत्या. वर्षाचे पैसे भरायचे, कार्ड घ्यायचं आणि गाडी रुसली की फोन करायचा. मेख एवढीच, की एकदा सही केली की पुढच्या वर्षापासून पैसे बँकेतून आपोआप कापले जायचे. कुणी विचारायचं नाही, सांगायचं नाही. खुद्द नानाकडे साधी सायकल नव्हती. तो माझ्या मोटरसायकलच्या मागे बसून हिंडायचा, आणि पेट्रोल मास्तरांचं! मी शाळामास्तर. रविवार माझा, पण हक्क त्याचा.

मुदत संपायच्या आधी तो एकेका जीपवाल्याच्या दारात हजर. “यंदा घाटाखाली किती वेळा उतरलास?” पोशेरा गावचा कुणी म्हणाला, “एकदा, वऱ्हाड घेऊन,” की नाना लगेच, “मग सोड की! कंपनीची गाडी काय सूर्यमाळला तुझी वाट बघत उभी आहे? इथं बंद पडलास तर धक्का मारायला गावच येणार.” आणि सभासदत्व बंद करायचा अर्ज तिथंच ओट्यावर बसून लिहून द्यायचा. जो खरंच नाशिक-ठाण्याच्या फेऱ्या मारायचा, त्याला मात्र “तू ठेव” म्हणायचा. मी कपाळाला हात लावायचो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, हा तर धोंडा शोधत माझ्या पेट्रोलवर फिरत होता!

एकदा ठाण्याच्या साहेबाने फोनवर त्याला झापलं. “लोकांना आठवण कशाला करता? आपोआप होतंय ना?” नाना शांतपणे म्हणाला, “साहेब, आपोआप तण वाढतं. भात लावावं लागतं.” मी खूश झालो. आतून वहिनी म्हणाल्या, “लावा हो, खुशाल लावा. पण चार दाणे शिजवायला घरीही आणा.”

मग आमच्याच तालुक्यातल्या वांगणी गावचं प्रकरण झालं. बँकेतल्या शिपायाने नानाला सांगितलं, की तिथल्या एका म्हातारीच्या खात्यातून दर वर्षी तुमच्या कंपनीचे पैसे जातात. खातं तिचं आणि तिच्या मुलाचं, रामदासचं. रामदासने जुनी जीप नाशिकहून आणली, सभासदत्वही तिकडेच घेतलं, म्हणून नानाला पत्ता नव्हता. जीप चालली नाही. त्याने ती विकली, पैसे खात्यात टाकले आणि कामाला म्हणून गुजरातकडे गेला. तो गेलाच. चिठ्ठी नाही, निरोप नाही. गाडी नाही, गाडीवाला नाही, आणि सभासदत्व सुरू!

वावर गावाच्या पुढे रस्ता असा, की मोटरसायकल आम्हीच ढकलत नेली. म्हातारीने, सोनीबाईने, पाणी दिलं. देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर रामदासच्या नावाची कार्डं ओळीने चिकटवलेली होती. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. दर वर्षी टपालाने नवं कार्ड यायचं. नानाचा चेहरा उतरला.

“आजी, हे बंद करायचं का, ते विचारायला आलोय,” तो म्हणाला.

म्हातारी हसली. “बंद कशाला? पोऱ्याचं नाव चालू हाय ना? कुठं तरी हाय तो. तोच भरतो, म्हणून तर हापिसातून येतं.”

मी नानाचा दंड धरला. हळूच म्हटलं, “राहू दे. चल. आपलं काय जातंय?”

“तिचं जातंय,” नाना म्हणाला, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. “आजी, हे रामदास भरत नाही. तुझ्याच खात्यातून जातं. तो कुठं आहे, कंपनीला माहीत नाही. आहे की नाही, तेही माहीत नाही. हे आपोआप होतं.”

“आपोआप? कुणी बगत नाय?”

“कुणी नाही.”

ती भिंतीकडे तोंड करून बसली. “जा तुम्ही,” म्हणाली. मी उठलो. नाना उठला नाही. तिने अंगण झाडलं, पाणी आणलं, कोंबड्या झाकल्या. तो आपला बसलेला. शेवटी तिने दोघांपुढे नागलीची भाकर ठेवली. पुढच्या बाजाराला ती जव्हारला आली आणि बँकेत अंगठा देऊन पैसे बंद केले.

त्या दिवशी वांगणीहून परतताना मी नानाला फाडून खाल्लं. “मोठं पुण्य केलंस! म्हातारीला एक आशा होती, तीही काढून घेतलीस!” एरवी मला बोलू न देणारा नाना जव्हारच्या वेशीवर एवढंच म्हणाला, “मास्तर, चुकलं का रे माझं?” पुढे एजन्सी गेली, ती जाणारच होती, त्याचं त्याला काही वाटलं नाही. हे मात्र त्याला डाचत राहिलं. काहीही काम नसताना तो दर वर्षी वांगणीला जायचा, भाकर खायचा, रामदासचं नाव कुणीच काढायचं नाही. आणि परतीच्या वाटेवर मला तेच विचारायचा, “चुकलं का रे?”

नाना कावीळ होऊन गेला. दवाखान्यातही त्याने मला तेच विचारलं. मी म्हटलं, “नाही रे बाबा.” पण मी बरं वाटावं म्हणून म्हणतोय, हे त्याला कळलं असणार.

नानाचे दिवस झाल्यावर मी एकटाच वांगणीला गेलो. सोनीबाई माझ्या मागे कुणी येतंय का ते बघत होती.

“आजी, नाना गेला,” मी सांगून टाकलं.

ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “सांगायला आलास, बरं केलंस बाबा. नायतर मी वाट बगत बसले असते. एकदा बसले होते तशी. नानानं उठवलं मला.”

अरे, हे ऐकायला नाना हवा होता!