चिकनची टांग आणि चाचांचा अंगठा

मायक्रोस्कोपखाली नस जोडताना मान हलवायची सोय नसते, त्यामुळे आमच्या उज्जैनच्या मायक्रोसर्जरी युनिटमध्ये तोंडं मात्र सतत चालू असतात. किस्से साठणारच!

आमचे मुख्य सर्जन बर्वे सर. "चालेल" ही त्यांच्या कौतुकाची हद्द. रक्ताची नस मिलीमीटरभर जाड, दोरा केसाहून बारीक. नवशिक्याची चूक ठरलेली: समोरच्या भिंतीला टाका घालताना सुई मागच्या भिंतीतही घुसते आणि नस जोडण्याऐवजी बंदच होते. चूक कुठलीही असो, जोड जरा सरकला तरी शिक्षा एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन चिकनची टांग आणायची, तिच्यातली नस कापायची आणि परत जोडायची.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण पहिल्या महिन्यात नानाखेड्याच्या चिकनवाल्याकडे मी इतक्यांदा गेले, की तो लांबूनच विचारायचा, "मैडम, आज फिर बिगड़ गया क्या?"

*

एकदा वहिनी साडी घेऊन आली. "ताई, तुम्ही इतकं बारीक शिवता, जरा फॉल लावून द्या ना."

मी बसले. दोन तासांत वीतभर फॉल लागला.

वहिनीने साडी हळूच काढून घेतली. "राहू द्या. लग्न याच रविवारी आहे."

*

ऑपरेशन चालू असताना सुई हरवली. सुई कसली, पापणीचा केस! सिस्टरसकट सगळे गुडघ्यांवर.

सर कडाडले, "कोण शिंकलं?"

सिस्टर खालूनच म्हणाल्या, "सर, आपणच."

"मग नवी सुई द्या."

*

भैरवगढचे उस्मानचाचा कापडावर नक्षीचे लाकडी ठप्पे मारतात. ठप्प्याचं लाकूड कापताना मशीनमध्ये त्यांचा उजवा अंगठा तुटला. बर्फाच्या डब्यात तो अंगठा आला, मागोमाग चाचा.

"बेटी, अंगूठा गया तो ठप्पा गया," एवढंच ते म्हणाले.

हाड आणि स्नायूंच्या दोऱ्या जोडून झाल्यावर सर म्हणाले, "नस तू जोड."

जिवंत माणसाची ही माझी पहिली नस. घाबरले होते, खोटं कशाला सांगू! आठ टाके घातले, रक्त अडवणारा क्लॅम्प काढला. अंगठा पांढराच.

"थांब," सर म्हणाले.

थांबलो. मग कडेने गुलाबी रंग चढायला लागला. मला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

"चालेल," सर म्हणाले. "तू बस. कातडी मी शिवतो."

काही महिन्यांनी चाचा स्वतः छापलेली चादर घेऊन आले. सरांनी ती भिंगाखाली धरून पाहिली. दोन ठप्प्यांमधला जोड काही त्यांना सापडेना.

चाचा आपला अंगठा न्याहाळत होते. "साब, नस किसने जोड़ी?"

"इसने," सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बढ़िया. और ऊपर की चमड़ी?"

मी चादरीची घडी घालू लागले.

"जिसने भी की हो, उसको बोलना, किनारी एक सूत सरक गई है."

सरांनी भिंग अंगठ्यावर धरलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाखेड्यावर चिकनवाल्याने मला थांबवलं. "मैडम, अभी आपके बड़े साब खुद आए थे. उनका भी बिगड़ गया क्या?"